न वाचलेली तिसरी सूचना

मी भाईंदरला निघाले आहे असं सांगितल्यावर कराडात सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, कोण आजारी आहे. भाईंदरला माणूस दवाखान्यासाठी जातो, बारशाला जातो, फार तर नणंदेकडे राहायला जातो. बघायला म्हणून कोणी जात नाही. मी बघायला चालले होते, आणि तेही मेलेल्या माणसांच्या लग्नाच्या तारखा. एवढं सगळं सांगण्यापेक्षा नणंदेकडे जाते आहे म्हटलं. त्यावर सगळ्यांना माझी दया आली.

खरी गोष्ट अशी. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागण्याआधी मी एक प्रबंध लिहायला घेतला होता. जुन्या काळी माणसं कोणत्या वयात लग्न करत, त्यांना मुलं किती होत, आणि घरात चार पैसे आले की या दोन्हींत काही फरक पडे का, असा विषय. आमच्या शास्त्रात एक जुनं गणित आहे. पिकलं तर त्या वर्षी लग्नं जास्त लागतात, नाही पिकलं तर मुलंमुली थांबतात. उशिरा लग्न झालं की मुलं कमी होतात, मुलं कमी झाली की एकेकाच्या वाट्याला जेवण आणि शाळा जास्त येते, आणि असा मुलूख हळूहळू श्रीमंत होतो. काही विद्वान म्हणतात, हे उलटं आहे, आधी पैसा आला आणि मग मुलं कमी झाली. हा वाद पुष्कळ वर्षं चालू आहे आणि त्यात कोणाचंही लग्न मोडलेलं नाही.

आपल्याकडे लग्न लागलं की लोक अक्षता टाकतात, जेवतात आणि घरी जातात. लिहून कोणी ठेवत नाही. ख्रिस्ती गावांत मात्र चर्चच्या वह्या असतात. बाप्तिस्मा, लग्न, दफन, सगळं तारखेनिशी. भाईंदरच्या पश्चिमेला, उत्तनच्या वाटेवर डोंगरी नावाचं गाव आहे. तिथल्या वह्या बघायची परवानगी मला माझ्या गाईडनी मिळवून दिली, आणि त्याच महिन्यात माझं लग्न ठरलं. लग्नाच्या वयावर प्रबंध लिहिणारी मुलगी लग्न ठरलं म्हणून प्रबंध सोडते, यातला विनोद मला निवृत्त झाल्यावर कळला. तेव्हा कुठे मी डोंगरीच्या आताच्या फादरना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, या. पेन आणू नका, पेन्सिल आणा.

बुधवार, भाईंदर पश्चिम

नीलिमा, म्हणजे माझी धाकटी नणंद, लालबाग सोडून इकडे आली त्याला वीस वर्षं झाली. सहाव्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. आता ती आणि तिची मुलगी सायली, अशा दोघीच असतात. सायली एकतीस वर्षांची आहे आणि मीरा रोडला एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे खांदे फिरवते आणि घरी आली की स्वतःची मान धरून बसते.

संध्याकाळी मी भाजी आणायला खाली उतरले. भेंडीवाल्याशी हिंदीत घासाघीस केली. माझं हिंदी वाईट आहे, त्याचं माझ्याहून वाईट निघालं. दहा मिनिटं आम्ही एकमेकांना "आपको बोलती हूँ" आणि "मेरेको परवडता नहीं" असं ऐकवत होतो. शेवटी कोथिंबीर फुकट देताना तो "घ्या" म्हणाला. चौकशी केली तर पाटणचा निघाला, म्हणजे आमच्या शेजारच्याच तालुक्यातला. मी विचारलं, आधीच मराठीत का नाही बोललात. तो म्हणाला, गिऱ्हाइकाला अवघडल्यासारखं नको व्हायला. भाईंदरात दोन मराठी माणसं अशी भेटतात. नीलिमाच्या मजल्यावर चार घरं आहेत आणि चार भाषा आहेत. पलीकडची गुजराती शेजारीण रोज एक वाटी काहीतरी आणून देते आणि वाटी परत न्यायला येते तेव्हा तासभर बसते. कराडात वाटी रिकामी परत करत नाहीत. इथेही नाही करत, त्यामुळे ही देवाणघेवाण कधीच संपत नाही.

सायली आंघोळीला गेली तेव्हा नीलिमा मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. भांड्यांचा आवाज करत हळू बोलायला लागली. तिचं म्हणणं असं होतं, की सायलीला चार-पाच चांगली स्थळं आली, आणि प्रत्येक वेळी तिने एकच सांगितलं, आईला एकटी टाकून जाणार नाही. बाबा गेल्यापासून हेच चाललंय.

"माझ्यामुळे अडकलीय ती, वहिनी," नीलिमा म्हणाली. "मी तिच्या पायातली बेडी झालेय. तुझा विषयच आहे लग्नाचा. तू सांग तिला. आकडे दाखव हवं तर."

माझा विषय लग्नाचा आहे हे खरं, पण माझ्याकडची माणसं सगळी शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची आहेत आणि त्यांची लग्नं झालेली आहेत, हे तिला समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. बघते म्हटलं.

गुरुवार आणि शुक्रवार, डोंगरी

स्टेशनच्या पश्चिमेकडून उत्तनची बस मिळते. इमारती अचानक संपतात आणि मिठागरं लागतात. आता त्यातली बरीच ओस आहेत. पाण्याचे चौकोन तसेच राहिलेत, कडेला खारफुटी वाढलीय, आणि मधे एखादा बगळा कोणाचीही वाट न बघता उभा असतो. मग मुर्धे, राई, मोर्वे अशी गावं येतात. बंगले, विहिरी, तुळशीवृंदावनं, आणि जरा पुढे गेलं की अंगणातले क्रूस. क्रूसालाही झेंडूची माळ असते. त्याच्यापुढे भांडीसुद्धा तुळशीपुढे घासावीत तशीच घासत बसलेल्या बायका असतात.

फादर तरुण होते, वसईकडचे. त्यांनी मला हात धुवायला लावले, टेबलाशी बसवलं आणि एका माणसाची ओळख करून दिली. पास्कूभाऊ. वय बाहत्तर, कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त. चर्चचं कपाट उघडायची किल्ली त्यांच्याकडे होती आणि मी पेन काढते का, हे बघायचं कामही त्यांच्याकडे होतं. दोन्ही कामं ते मनापासून करत.

वह्या सुंदर होत्या. सर्वांत जुन्या लॅटिनमध्ये, नंतरच्या इंग्रजीत. एका फादरचं अक्षर मोत्यासारखं, दुसऱ्याचं कोंबडीने पाय ओढल्यासारखं. माझी पद्धत अशी, की प्रत्येक जोडप्याचं एक कार्ड करायचं. वर लग्नाची तारीख, खाली त्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे, शेवटी दोघांची दफनं. अशी काहीशे कार्डं झाली की त्यातून गाव बोलायला लागतं. दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं, की एका वर्षी गावात एकही लग्न नाही. मीठ वाहून गेलं असणार, मजुरी बुडाली असणार, लग्नं थांबली असणार. गणित जसंच्या तसं माझ्यासमोर उघडं पडलं होतं. मी पास्कूभाऊंना विचारलं, त्या सालाबद्दल वाडवडिलांकडून काही ऐकलं आहे का. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, हां, तेव्हा चर्चचं छप्पर काढलं होतं. सगळी लग्नं उत्तनला लागली. आमच्या बापाचं पण.

मी त्या सालापुढे लिहिलेलं टिपण खोडलं. पेन्सिल होती ते बरं झालं.

दुपारी पास्कूभाऊंनी मला घरी जेवायला नेलं. त्यांची बायको, सुनेने वाढलं तरी वर दोन घास जास्त वाढणारी, आणि बाहेर ओसरीवर खुर्चीत त्यांची मोठी बहीण, लुसीमावशी. घरात तिला सगळे मोठीबाय म्हणतात. येत्या रविवारी तिला पंच्याऐंशी पुरी होणार होती. बारीक बाई, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, पाठ ताठ. आयुष्यभर डोक्यावर पाटी घेऊन उत्तनवरून भाईंदरच्या बाजारात सुके बोंबील विकायला चालत गेली, त्याची ती पाठ. जेवायला बांगड्याचं कालवण होतं, त्यात त्यांचा घरचा बाटलीत भरून ठेवायचा मसाला. सोबत फुगे. आपल्या भज्यांसारखे गोल दिसतात, पण आत पाव असतो. मी सहा खाल्ले आणि सातवा मोठीबायने न विचारता वाढला.

जेवताना पास्कूभाऊंनी गोष्ट सांगितली. घरात नऊ भावंडं. मोठीबाय पहिली. तिचं लग्न ठरलं होतं, चर्चमध्ये सूचनासुद्धा वाचली गेली. ख्रिस्ती लोकांत लग्नाआधी तीन रविवारी चर्चमध्ये नावं वाचून दाखवतात, कोणाची हरकत असेल तर कळावी म्हणून. पण बाप आजारी पडला, भावंडं लहान, आणि मोठीबायने लग्न मोडलं. पाटी डोक्यावर घेतली. तिच्या बोंबलांवर सगळे शिकले. एक नर्स झाली, एक मास्तर, हे फिटर. आई-बापाला नऊ मुलं, यांना दोन, यांच्या मुलाला एक. पास्कूभाऊ सांगत होते आणि त्यांचे डोळे भरून येत होते. घरातल्या सगळ्यांना गोष्ट पाठ होती. सून भात वाढताना मधले शब्द पुरवत होती. मोठीबाय खाली बघून काटे काढत होती.

मला ती गोष्ट फार आवडली. म्हणजे माझ्या प्रबंधाच्या दृष्टीने आवडली. मोठी मुलगी लग्न करत नाही, मिळकत घरात राहते, धाकटी शिकतात, पुढची पिढी मुलं कमी करते. असं उदाहरण मागूनही मिळत नाही.

पास्कूभाऊंनी मग मला विचारलं, मोठीबायचं नाव वहीत सापडेल का. रविवारी मंडप घालणार होते, चाळीस माणसं येणार होती. तिच्या लग्नाची वाचलेली सूचना सगळ्यांसमोर मी वाचून दाखवावी, म्हणजे पोरांना कळेल तिने काय सोडलं, अशी त्यांची इच्छा होती. सापडेल म्हटलं.

शुक्रवारी सापडलं. लग्नाच्या सूचनांची वही वेगळी असते, ती पास्कूभाऊंनी काढून दिली आणि फादरबरोबर बाहेर गेले. पहिला रविवार, वाचली. दुसरा रविवार, वाचली. तिसऱ्यापुढे मोत्यासारख्या अक्षरवाल्या फादरने इंग्रजीत चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. इतर कोणाच्याही नावापुढे त्यांनी एवढं लिहिलेलं नाही. मी त्या मराठीत माझ्या कागदावर उतरवल्या. "तिसरी सूचना वाचली नाही. मुलगी सकाळी एकटी आली. लग्नाची इच्छा नाही म्हणाली. मुलात दोष नाही. वडिलांचं आजारपण हे कारण आहे का विचारलं, तर नाही म्हणाली."

मी दफनाची वही काढून बघितली. बाप त्यानंतर पुष्कळ वर्षं जगला होता.

शनिवार, ओसरीवर

शुक्रवारी संध्याकाळी मी सायलीला हे सांगितलं. ती म्हणाली, "मामी, वाचू नकोस. किंवा त्यांनाच विचार." दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती, तिनेच मला स्कूटरवर बसवून डोंगरीला नेलं. वाटेत एका खड्ड्यात माझी पिशवी उडाली आणि तीन-चार जोडप्यांची कार्डं मिठागराच्या बांधावर पसरली. एक पाण्यात गेलं. ते जोडपं मला पुन्हा शोधावं लागलं.

पास्कूभाऊ मंडपवाल्याकडे गेले होते. लुसीमावशी ओसरीवर लसूण सोलत होती. मी सायलीची ओळख करून दिली, शेजारी बसले आणि वहीत जे होतं ते हळू आवाजात वाचून दाखवलं. तिचा हात थांबला नाही.

"एवढं सगळं लिवलंय होय," ती म्हणाली. "मना वाटलं फादर विसरले असतील."

मी विचारलं, मग खरं काय होतं. तिने आणखी तीन-चार पाकळ्या सोलल्या.

"मुलगा चांगला होता. गोराईचा. पण त्याच्या घरी अकरा माणसं, आणि सगळ्यांत मोठी सून मी. माझ्या पाठीवर आठ भावंडं. आईला बाळंतपणं, पोरं माझ्या कंबरेवर. बावीस वर्षांची होईतोवर माझी आठ पोरं वाढवून झाली होती. मना परत तेच करायचं न्हवतं."

एवढंच कारण होतं. शिवाय, ती म्हणाली, पाटी तिला आवडायची. पहाटे मोर्व्याच्या बांधावरून चालताना तिला कोणी हाक मारत नसे. बाजारात तिची जागा ठरलेली होती. दुपारी ती चहा प्यायची, स्वतःच्या पैशाने, बसून. घरात बसून चहा पिणारी बाई तिने तोवर बघितलीच नव्हती. बाप आजारी होता खरा, पण महिन्याभरात बरा झाला. गावाने स्वतःच ठरवलं, की पोरीने भावंडांसाठी लग्न मोडलं. आई रडत होती, तिला तेवढंच बरं वाटलं.

"मी खोटं बोलले न्हाय," ती म्हणाली. "मी कायच बोलले न्हाय. आणि शाळेला पैसे दिले ते दिलेच. ते येगळं. मंग लोक सणाला पुढची खुर्ची द्यायला लागले. साठ वर्षं देतात. मधेच कशी उठू."

तिने मग माझ्या कार्डांबद्दल विचारलं. मी पद्धत समजावून सांगितली. प्रत्येक लग्नाचं एक कार्ड. ज्यांची लग्नं झाली नाहीत त्यांचं काय करतेस, असं तिने विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यांची नावं एका वेगळ्या खोक्यात ठेवते, वर "इतर" असं लिहिलंय. मला लाज वाटली, आणि कधी कोणाला न सांगितलेली गोष्ट मी तिथे बोलून गेले. प्रबंध मी लग्नामुळे सोडलेला नव्हता. तिसऱ्या प्रकरणात अडकले होते, काहीच सुचत नव्हतं, आणि लग्न ठरल्यावर मला सुटल्यासारखं झालं. पुढे तीस वर्षं आमच्या घरात माझ्या नवऱ्याला पाहुण्यांसमोर अपराधी वाटत आलं आहे.

"सांगितलंस त्याला?" लुसीमावशीने विचारलं.

नाही म्हटलं.

"बरा हाय का तो?"

बरा आहे म्हटलं. ती हसली. मग उद्याचं काय करू, असं मी विचारलं. ती म्हणाली, उद्याचं उद्या सांगते.

परत येताना सायली एकदाही बोलली नाही. मला वाटलं, खड्डे चुकवतेय.

रविवार, मंडपात

चाळीस म्हणाले होते, साठ आले. मंडपात प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि पुढे एक लाकडी हातांची, तिच्यावर मोठीबाय, केसांत अबोली. एका बाजूला पातेल्यांत मटण, डुकराचं आंबट कालवण, फुगे, तांदळाचे पोळे. नीलिमाही आली होती. डुकराच्या पातेल्यापासून सुरक्षित अंतर ठेवून ती बसली.

केक कापला गेला. पास्कूभाऊ उभे राहिले, त्यांनी गोष्ट सांगितली, पुन्हा डोळे पुसले आणि मला पुढे बोलावलं. मी कागद घेऊन उभी राहिले. लुसीमावशीकडे बघितलं. तिने काहीच खूण केली नाही. मी तिचा बाप्तिस्मा वाचला, आई-बापाचं नाव वाचलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिला रविवार वाचला. दुसरा वाचला. आणि कागदाची घडी घालायला लागले.

"पुढचं वाच," लुसीमावशी म्हणाली.

मी वाचलं. चारही ओळी. आवाज माझ्याच कानाला परका लागत होता. मंडपात एक लहान मूल काहीतरी मागत होतं, तेवढाच आवाज राहिला.

"कोणाची इच्छा न्हाय?" पास्कूभाऊंनी विचारलं. त्यांना वाटलं, मी चुकीचं वाचलं.

"माझी," लुसीमावशी म्हणाली.

"आमच्यासाठी न्हाय?"

"न्हाय."

"शाळेचे पैसे?"

"ते तुमच्यासाठीच. लग्न माझ्यासाठी मोडलं."

पास्कूभाऊ तसेच उभे राहिले. त्यांच्या हातात केकचा तुकडा होता, तो त्यांनी कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. मग ते अगदी हळू बोलले, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "मना कुवेतची नोकरी लागली होती. तिकीट आलं होतं. तू एकटी राहशील म्हणून मी गेलो न्हाय."

लुसीमावशीचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा बदलला. "मना वाटलं, तुला जायचंच न्हवतं," ती म्हणाली. "मी मेणबत्ती लावली होती, तू जावास म्हणून."

पास्कूभाऊंची बायको उठली. ती म्हणाली, मटण गार होतंय. सगळे जेवायला बसले. पास्कूभाऊ बसले नाहीत. ते मागच्या दाराने बागेत गेले आणि आम्ही निघेपर्यंत आत आले नाहीत. मी त्यांना शोधत गेले तर ते विहिरीच्या कठड्यावर बसले होते. माफ करा म्हटलं. ते म्हणाले, तुम्ही काय केलं, लिहिलेलं वाचलं. आणि मग मला त्यांनी विचारलं, की फादरनी हे लिहून का ठेवलं असेल. मी म्हटलं, बहुतेक त्यांना आश्चर्य वाटलं असेल.

मी घरी आले ती वाईट मनाने. साठ वर्षं उभं असलेलं काहीतरी मी पेन्सिलीने लिहिलेल्या कागदावरून पाडलं होतं. चहा पिताना नीलिमा म्हणाली, बिचारा, बहिणीपायी कुवेत सोडलं आणि बहिणीला पत्ताच नाही. सायलीने कप खाली ठेवला.

"आई, मी तुझ्यासाठी थांबले नाहीये," ती म्हणाली.

सायलीने सगळं एकदम सांगितलं, दम न घेता. तिला आत्ता लग्न करायचंच नाहीये. पुढे वाटेल की नाही तेही माहीत नाही. दिवसभर माणसांना हात लावून ती दमते, घरी आल्यावर तिला गप्प बसायचं असतं आणि आई तिला गप्प बसू देते. पाहायला आलेल्या मुलांना हे सांगितलं तर ते वाद घालतात. आईला एकटी टाकणार नाही म्हटलं की कोणी वाद घालत नाही, उलट कौतुक करतात. म्हणून ती तसं सांगत गेली. आईला त्याचं ओझं होतंय हे तिला माहीत नव्हतं.

मला वाटलं, नीलिमा आता रडेल. ती उठली, गॅसवरचं दूध बंद केलं आणि परत येऊन बसली.

"म्हणजे तीन वर्षं मी माझा पुण्याच्या मैत्रिणींचा सहलीचा ग्रुप सोडला," ती म्हणाली. "त्या सगळ्याजणी केरळला जाऊन आल्या, हिमाचलला जाऊन आल्या. मी म्हटलं, पोरगी माझ्यासाठी घरात बसलीय आणि मी कुठे हिंडू."

"जा ना मग," सायली म्हणाली.

"जाणारच आहे. विचारत नाहीये."

नंतर त्या दोघी तासभर भांडल्या. माझ्यासमोर, अगदी मनमोकळ्या. मी त्या घरात पाच दिवस राहात होते आणि इतका चांगला आवाज पहिल्यांदाच येत होता.

मंगळवार, पुन्हा डोंगरी

सोमवारी मी चर्चमध्ये गेले तर पास्कूभाऊ आले नव्हते. फादरनी स्वतः कपाट उघडलं आणि पेनाकडे लक्ष ठेवायला त्यांना वेळ नव्हता. मी "इतर" लिहिलेलं खोकं उपडं केलं आणि त्यातल्या प्रत्येक नावाचं स्वतंत्र कार्ड केलं. बहुतेक बायका होत्या. कार्डावर बाप्तिस्मा आणि दफन, एवढंच. मधली जागा मी मोकळी सोडली. कारण कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि मजुरीच्या आकड्यांवरून ते काढण्याचा धीर मला आता होत नव्हता. प्रबंध होईल की नाही ते सांगता येत नाही. तिसऱ्या प्रकरणात मात्र काय लिहायचं ते थोडं कळलं आहे.

मंगळवारी दुपारी निरोप घ्यायला गेले. लुसीमावशी आता कुठे बसली असेल आणि तिच्याशी कोण बोलत असेल, याचा विचार बसमध्ये सारखा येत होता. अंगणातला मंडप काढून नेलेला होता. ओसरीवर दोघं बहीणभाऊ समोरासमोर जेवायला बसले होते. लाकडी खुर्ची कुठे दिसली नाही. मोठीबाय खाली पाटावर होती.

मला बघून दोघांनीही बस म्हटलं आणि मग मी आलेच नाही अशा थाटात त्यांचं पुन्हा सुरू झालं. पास्कूभाऊ म्हणत होते, कालवण खारट झालंय. लुसीमावशी म्हणत होती, खायचं तर खा. ते म्हणाले, गेल्या आठवड्यातलं पण खारट होतं. ती म्हणाली, मग तेव्हा सांगायचं होतंस. त्यांनी ताटली बाजूला सारली, परत ओढली आणि रागारागाने सगळं संपवलं. मग हात धुवायला आत गेले.

लुसीमावशीने माझ्यासाठी ताट घेतलं. वाढता वाढता माझ्याकडे वाकून म्हणाली, "पाटी उतरवल्यापासून घरातलं कालवण मीच करते, पंचवीस वर्षं माझ्या हातचं जेवतोय. डोळ्यांनी मना धड दिसत न्हाय, किती येळा दोनदा मीठ पडलं असेल. आजपर्यंत एकदा पण बोलला न्हाय."

तिने कालवण वाढलं. मी चव घेतली. खारटच होतं.

"खारट हाय?" तिने विचारलं.

हो म्हटलं.

"बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली, आणि आत बघून मोठ्याने हाक मारली, की येताना पाणी आण, पाहुणीला पण खारट लागलंय.